तंबू जरासा आत घेतला

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले होते. कंबर धरली, म्हणून पुढचं बसून लिहितेय.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? तू मोठ्याने वाचत असशील आणि ते शेजारी बसून ऐकत असतील, म्हणून आधीच सांगते: तंबू सुखरूप आहे. "जसा नेलास तसा परत हवा," असं त्यांनी देताना बजावलं होतं, ते मी विसरलेले नाही. लग्नाआधी घेतलेला तंबू तो! दरवर्षी गॅलरीत ऊन दाखवायचं, डांबराच्या गोळ्या घालून परत कपाटात ठेवायचा. तू विचारणार, "यंदा जाऊ या का तळ्यावर?" आणि ते म्हणणार, "पुढच्या वर्षी बघू." तेव्हा तो नेताना माझा जीव मुठीत होता. शिवाय तू दारात हळूच म्हणालीस, "तळं कसं दिसतं ते नीट बघून ये गं," तेही कानात होतं.

तर जाऊन आलो. ताई, काय सांगू! फाटकापासून जंगलच जंगल, त्यातून पायवाटा, आणि मधे एकाला लागून एक तळी. पाणी तर कुणी इस्त्री करून पसरल्यासारखं. मी काठावर उभी राहून उगाचच हसत सुटले. आमचे हे म्हणाले, "लोक बघतायत." बघेनात का! दिवसभर शिलाई मशीनवर भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बाईला एवढं आकाश एकदम दाखवलं तर दुसरं काय होणार?

मग तंबू उभारला. आता भाऊजींच्या खरेदीला मी नावं ठेवू नयेत, पण शिवणाऱ्याने तो डोळे मिटून शिवला होता. खांद्यात झोल (तंबूला खांदे असतात, कधी नीट बघ), एका बाजूला घोळ, दार तिरकं. जेवण झाल्यावर हे आत जाऊन घोरायला लागले. मी तळं बघत बसायचं ठरवलं, पण नजर सारखी त्या झोलाकडे. असल्या कपड्यात मी गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी उतरू देत नाही. सुई-दोरा आणि कात्री पर्समध्ये असतातच. म्हटलं, नुसता धावदोरा घालते, निघताना उसवून टाकीन. एक बाजू आत घेतली तर दुसरी लोंबायला लागली. दुसरी घेतली तर पाठ फुगली. शेवटी असा चापून-चोपून बसला की सुरकुती शोधून सापडेना! नाड्या तेवढ्या हव्या होत्या. जवळच्या वाटेवर झाडांना लाल फिती बांधलेल्या दिसल्या, चांगल्या सुती. (गाठी इतक्या गचाळ, की मालकाला त्यांची कदर नव्हती हे उघडच होतं.) त्या सोडून आणल्या आणि तंबूला चहूबाजूंनी लावल्या.

आता मला काय ठाऊक, की फाटकावरचा वनरक्षक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "लाल फिती बघत चला, तळ्याशी पोचाल." (आम्हालाही सांगितलं म्हणे, मी कुठली ऐकतेय!) वाटेवर एकही फीत दिसेना, आणि झाडांतून लांबवर सगळ्या एकदम फडफडताना दिसल्या. झालं! फिरायला आलेला जो तो आमच्या तंबूपाशी. एक आजोबा तर विचारायला लागले, "आत जायला रांग कुठनं आहे?" त्या गलबल्याने हे जागे झाले आणि आतून ओरडले, "अगं, दार कुठंय?" ताई, तिरकेपणा काढता काढता दार मी शिवूनच टाकलं होतं. ह्यांनी हिसका दिला, खुंट्या उपटल्या, आणि तंबू सगळ्या फितींसकट उठून चालायला लागला! लोकांची पळापळ. वनरक्षक शिट्टी फुंकत मागे. तंबू उतारावरून थेट तळ्यात. (पाणी गुडघाभरच होतं, घाबरू नकोस.) वनरक्षकाने मागून धरला, मी पुढून कात्री चालवली, आणि सदऱ्यातून डोकं काढावं तसे हे बाहेर आले. पहिलं वाक्य काय, तर "चहा झाला का?" मी पाण्यातच बसले हसत. वनरक्षक रागवायला आला होता, तोही काठ धरून हसत बसला. मग मात्र सगळ्या फिती माझ्याकडून जागच्या जागी बांधून घेतल्या. आता त्या गाठी सुटायच्या नाहीत.

भाऊजींना नमस्कार. त्यांचा लोभ आहेच, तो तंबू उलगडून बघेपर्यंत तरी टिकावा.

तुझी,
धाकटी

ता. क. तंबू वाळला. कापला तिथे छान चेन लावलीय. मात्र सगळं जोडताना तो जरासा लहान झाला. जरासा म्हणजे, भाऊजी त्यात मावणार नाहीत.

ता. क. आमचे हेही मावत नाहीत. घालून पाहिले.

ता. क. (हे मोठ्याने वाचू नकोस.) ताई, तो चुकून लहान झालेला नाही. पूर्वीसारखा करता आला असता. पण दुकानात टेबलावर पसरला आणि तुझं ते दारातलं बोलणं आठवलं. तळं कसं दिसतं ते मला काही नीट सांगता यायचं नाही, पहिली नजर सोडली तर मी त्याच्याकडे पाठ करून शिवत बसले होते. तुझं माप मला पाठ आहे, माझं तर आहेच. तंबूत आता बरोबर दोघी मावतात. शनिवारी सकाळी न्यायला येते. गुडघ्याचा पट्टा घे आणि कपड्यांचा एक जादा जोड. पुढच्या वर्षी नाही, यंदाच.