जसंच्या तसं

प्रिय हनुवटी,

हे नाव वाचून दचकला असशील. आईचे हात थांबल्यापासून तुला या नावानं कुणी बोलावलं नसेल. तोंडानं हाक मारायचं हे नाव नव्हतंच कधी. अंगठा हनुवटीच्या खळीवर टेकवला की तू, आणि खांद्यावरून बोटं खाली ओढली की मी, म्हणजे वेणी. जन्मदाखल्यावरची नावं शाळेनं आणि सरकारनं वापरली. घरात आपण एक खळी आणि एक वेणी एवढेच होतो. माझी वेणी कापून वीस वर्षं झाली, केस आता कानापर्यंत आहेत, तरी आई शेवटपर्यंत खांद्यावरूनच बोटं ओढायची.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सख्ख्या बहिणीला पत्र आणि तेही लेटरहेडवर! वर छापलेलं पद वाचलं, कोर्टाचे वरिष्ठ दुभाषी, आणि क्षणभर वाटलं की आपल्यावर समन्स निघालं. नव्या दुभाष्यांच्या तुकडीपुढे तुझं भाषण आहे, विषय दुभाष्याचं इमान, आणि त्याचा शेवट तुला आईच्या शेवटच्या वाक्यानं करायचा आहे. ते वाक्य मी तुला मागेच फोनवर सांगितलं होतं. आता ते लेखी हवंय: कुठली खूण आधी, कुठली नंतर, कुठल्या हातानं. जसंच्या तसं लिही, ताई, सुधारून नको, असं लिहून तू खाली रेघ ओढली आहेस. देते उत्तर. पण त्याच्या आधीचंही तुला ऐकावं लागेल. हो किंवा नाही एवढंच सांगून पिंजऱ्यातून उतरायला मी काही तुझी साक्षीदार नाही.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बाबा तू चालायला लागायच्या आत गेले, तेव्हा त्या घराचे कान म्हणजे आपण दोघं. दूधवाला, शाळेतल्या बाई, आई जिथे चादरींना इस्त्री करायची त्या लाँड्रीचा मुकादम, दवाखाना, टपालखातं, सगळ्यांचं बोलणं आपल्या चार हातांतून आईपर्यंत जायचं. मी नऊची होते, तू सातचा. त्या वयात बाकीची मुलं खेळातल्या भांडणात पंच होतात, आपण मोठ्यांच्या भांडणात होतो. आणि तेव्हापासूनच आपली दोन घराणी वेगळी. तू लोकांचं बोलणं पोचवायचास. मी ते आधी चाळून घ्यायचे.

खालच्या मजल्यावरची बाई आठवते? आईला स्वतःच्या खुर्चीचा आवाज माहीत नव्हता, भांड्यांचाही नाही. ती बाई एक दिवस दुपारी वर आली आणि दारात उभी राहून म्हणाली की ही बहिरी जनावरासारखी आदळआपट करते, हिला गोठ्यात ठेवा. मी आईला सांगितलं, काकूंचं डोकं दुखतं, दुपारी जरा जपून म्हणतायत. आईचा चेहरा इतका पडला! लाँड्रीतून जुन्या रबरी नळीचे तुकडे आणून तिनं खुर्च्यांच्या पायांना बसवले. शिवाय त्या बाईला एक पडदा शिवून दिला, डोळ्यांवर ऊन यायला नको म्हणून. बाई ओशाळली. पुढे जिन्यात भेटली की हात हलवायला लागली. माझ्या एका खोट्यानं दोन घरं बोलायला लागली होती, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

मग तू आईला जनावर हा शब्द सांगितलास. का सांगितलास ते मला तेव्हाही कळलं नाही. ती बाई तुला आवडायची नाही एवढं आठवतं. आईनं मला समोर उभं करून विचारलं, ती असं म्हणाली होती? मी म्हटलं, नाही. ह्यानं चुकीचं ऐकलं असेल. आणि आईनं तुला थोबाडीत मारली, खोटं बोलल्याबद्दल. आयुष्यात एकदाच तिनं हात उगारला, तोही तू खरं बोललास तेव्हा. मी तिथेच उभी होते, वेणीचं टोक चघळत. तू रागानं डोळे घट्ट मिटून घेतलेस, आई पुढे काय सांगतेय ते बघायलाच नको म्हणून. तेव्हा आईनं अंगठ्यांनी तुझ्या पापण्या हळूच वर केल्या आणि तो नियम सांगितला: समोरच्याचे हात वर असताना डोळे मिटायचे नाहीत. ते तोंडावर दार आपटण्यासारखं आहे. काहीही कर, हे करू नकोस.

ती थोबाडीत माझी होती. पंचेचाळीस वर्षांत हे मी तुला एकदाही म्हटलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते. त्यातूनच तू असा झालास, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा, हे मला ठाऊक आहे. कोर्टात एखाद्यानं न्यायाधीशांना शिवी दिली तर तू ती जशी आहे तशी पोचवतोस, मुद्दाम सौम्य केलीस तर नोकरी जाते, हे तू अभिमानानं सांगायचास. मी मात्र दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की मुळीच दुखणार नाही. माझी नोकरी त्यावरच टिकली आहे. आपण दोघंही आपापल्या गुणांवर पोट भरतो म्हणायचं.

आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिच्याबरोबर मी होते. डॉक्टरांनी सांगितलं की आजार यकृतात पसरला आहे, तीन-चार महिने, फार तर पाच. आई माझ्या हातांकडे बघत बसली होती. मी सांगितलं, यकृताला सूज आहे, औषधांनी उतरेल, पण वेळ लागेल. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आपली खुणांची भाषा येत नव्हती, पण एवढ्या मोठ्या वाक्याचं एवढंसं भाषांतर झालेलं त्यांनाही कळलं असणार. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, पुढच्या वेळी मी येतो.

मी ते का केलं हे तू कधी विचारलं नाहीस. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. ज्या बाईचं सगळं ऐकणं डोळ्यांतूनच, तिला तो धुरकटपणा म्हणजे काय वाटत असेल ते तुला सांगायला नको. ऑपरेशनची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली होती. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात तिनं शिलाईचा लाल दोरा ओवून बांधला होता आणि रोज सकाळी त्या दोऱ्याला बोट लावायची. तो दोरा मला तोडवला नाही. तुला हे कारण फुसकं वाटेल. मला अजूनही पुरेसं वाटतं.

पुढच्या वेळी तू आलास. मी खाली तळघरातल्या खिडकीवर रिपोर्ट आणायला गेले होते, लिफ्टला उशीर झाला, आणि वर येईपर्यंत तुझं सांगून झालं होतं. एकही शब्द न गाळता. डोळ्यांच्या ऑपरेशनला आता अर्थ नाही, हेसुद्धा. डॉक्टर म्हणाले म्हणून सांगितलं, असं तू नंतर म्हणालास. आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती, बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी. तिनं माझ्याकडे बघून सूज ही खूण केली, प्रश्नासारखी. माझे हात वर गेले आणि तिथेच राहिले. मग ती उठली, माझं कोपर धरलं आणि निघाली. टॅक्सीत तू तिच्यासमोर हात उचललेस, काहीतरी समजावण्यासाठी, आणि आईनं डोळे मिटून घेतले.

तुझ्या बाजूचंही लिहिते, नाहीतर म्हणशील चाळून लिहिलं. ते तिचं आयुष्य होतं आणि तिला ते माहीत असायला हवं होतं, हे तुझं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही. पुढच्या आठवड्यात तिनं लाँड्रीतल्या मैत्रिणीला बोलावून घेतलं आणि दोघी तासभर हातांनी बोलत बसल्या, रडल्या, हसल्याही. कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या. बाबांचा एकुलता एक फोटो तिनं माझ्या हातात दिला. यातलं काहीही माझ्या सुजेनं झालं नसतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून ती तारीख रद्द करायला तिनं मला लावलं, तेही शेजारी उभं राहून, माझे ओठ बघत. आणि मग कात्रीनं तो लाल दोरा कापला.

त्यानंतर ती अकरा आठवडे होती. तू तीन रविवार आलास. तिन्ही वेळा हात उचललेस आणि तिन्ही वेळा तिनं डोळे मिटले. नियम तिनंच केलेला, तिनंच मोडला. चौथ्या रविवारी तुझ्याकडे मोठी केस लागली, मग लागतच राहिली. मी तुला दोष देत नाही, म्हणजे देते, पण त्याबद्दल नाही. तू गेलास तेव्हा माझ्या हातांवरचा तिचा विश्वासही घेऊन गेलास. आज तू बरी दिसतेस म्हटलं की ती माझा चेहरा न्याहाळत बसायची. खिडकीबाहेर ऊन पडलंय म्हटलं तरी स्वतः मान वळवून बघायची. नऊ वर्षांची असल्यापासून जे एकच काम मला धड जमत होतं ते मी तिच्यासाठी करू शकले नाही, आणि तू तिकडे दूर बसून नाकानं कांदे सोलत होतास की निदान आपण तरी खोटं बोललो नाही.

ती गेल्यावर मी तुला फोन केला आणि सांगितलं की आदल्या दिवशी दुपारी आईनं तुझी खूण केली, आणि म्हणाली, राग गेला. तू फोनवर रडलास. इतकं, की बायकोनं फोन तुझ्या हातातून काढून घेतला. नंतर माझ्या लक्षात आलं की तू एकही प्रश्न विचारला नाहीस. साक्षीदारानं डावा म्हटलं की उजवा म्हटलं याची तीनदा खात्री करून घेणारा माणूस, आणि ताईसारख्या अट्टल खोटारडीचा शब्द तू मुकाट्यानं पदरात घेतलास, जपलास, आणि आता तो तीस अनोळखी मुलांना खऱ्याचं फळ म्हणून दाखवणार आहेस.

तर घे, जसंच्या तसं. दुपारची वेळ, उजव्या हाताला सलाईन, म्हणून सगळं डाव्या हातानं. आधी अंगठा हनुवटीवर, म्हणजे तू. मग छातीवर मूठ: राग. मी वाट बघत राहिले की मूठ उघडेल, उघडली की राग गेला. ती उघडली नाही. घट्ट धरून ती माझ्याकडे बघत राहिली, मला नीट कळावं म्हणून. मग तिनं मूठ खाली ठेवली आणि सांगितलं: त्याला सांग, गेला. मी तिच्या मिटलेल्या मुठीकडे बोट केलं. तेव्हा तिनं खांद्यावरून बोटं ओढली, माझ्याकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, आणि म्हणाली: वेणी, तू मला सांगायचीस ना, तसं सांग. आणि हसली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं, ती खालची बाई, ते जनावर, सगळं, कुणास ठाऊक केव्हापासून. आयुष्यभर मी लोकांचं बोलणं बदलत आले. हे एकच वाक्य मी अक्षरशः न बदलता पोचवलं, तुझ्यासारखं, आणि ते खोटं होतं. ते तुझ्याजवळ तसंच राहावं अशी तिची इच्छा होती, आणि ती मी आज मोडली, कारण तू लेखी मागितलंस आणि खाली रेघ ओढलीस. हे लिहिताना मला फार यातना झाल्या, असं लिहिणार होते. पण झाल्या नाहीत. बरं वाटलं, हनुवटी, खूप वर्षांनी मोकळं वाटलं. म्हणून माझाही एकच प्रश्न आहे. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत, मी लिफ्टची वाट बघत असताना, तुलाही असंच बरं वाटलं होतं का? सुधारून नको. जसंच्या तसं लिही.

तुझीच,
वेणी