डावं पारडं

दि. ३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले आणि मी आज उत्तराला बसलोय, त्याबद्दल आधी माफ कर. आळस नव्हता. रोज सकाळी कागद काढायचो, वर तुझं नाव लिहायचो आणि पुढे हो लिहावं की नाही, हे न सुचून घडी घालून ठेवून द्यायचो. असे नऊ कागद झाले. त्यांच्यावर नुसतं 'ती. अक्कास' आहे, म्हणजे पुढच्या आठ पत्रांची सोय झाली.

तू लिहितेस की तुझ्या शेजारची टायपिस्टची खोली रिकामी झालीय, घरमालक मार्चअखेर थांबायला तयार आहे, तेव्हा दुकान बंद करून कायमचं इकडे निघून ये. तुला सगळंच सोपं वाटतं. अडुसष्ट वर्षांत मी एकदाच शहर बदललंय, तेही तान्हा असताना, आणि तेव्हा रस्ताभर रडत होतो असं तूच सांगतेस.

शेवटी म्हटलं, बाबांनी तराजू दुरुस्तीचा धंदा हातात दिला, एक्केचाळीस वर्षं लोकांचे तराजू सरळ केले, तर स्वतःचा निवाडा अंदाजाने का करा? किराणावाल्याचा मोठा पितळी तराजू नोव्हेंबरपासून दुकानात टांगलेला आहेच. डावं पारडं राहण्याचं, उजवं तुझ्याकडे येण्याचं. जसजसं कारण सुचेल तसतसा स्क्रू, नट किंवा वायसर टाकायचा. लहान कारणाला लहान, मोठ्याला मोठा.

डावीकडे आतापर्यंत हे आहे. इथला नळ माझ्या ओळखीचा आहे, डावीकडे पिळून मग वर ढकलला तरच बंद होतो. इथल्या डॉक्टरांना माझं पोट पाठ आहे, मी दारात दिसलो की तेच सांगतात आज काय झालं असेल ते. जिन्याची सातवी पायरी हलते हे पायाला ठाऊक आहे. तुझ्या शहरातल्या पायऱ्यांचं मला काय माहीत? उजवीकडे हे आहे. तुझी खोली तळमजल्यावर, दवाखाना कोपऱ्यावर. शिवाय आता सगळीकडे विजेची वजनयंत्रं आलीत, दिवसाला एखादं गिऱ्हाईक येतं, तेही पत्ता विचारायला. आणि तू. तुझ्यासाठी दोन इंची बोल्ट टाकलाय. रागावू नकोस, दुकानात त्याहून मोठा नव्हता.

आता माझ्या प्रश्नांची नीट उत्तरं दे. त्या खोलीच्या छताला तराजू टांगायला कडी आहे का? रस्ता ओलांडताना वाहनं आधी कुठल्या बाजूने येतात? पलीकडच्या भिंतीला कोण राहतं, तो शीळ घालतो का? कुत्रा आहे का? असल्यास केवढा? माझ्या पोटाचं परवापासून पुन्हा बिनसलंय, वायू वर चढतो, तेव्हा तिथल्या पाण्याचंही कळव.

आणि एक. तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका पानावर सातच ओळी. पत्र वाचताना तू माझ्यावर ओरडतेयस असं वाटतं. मला डोळ्यांनी व्यवस्थित ऐकू येतं.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर आणखी मोठा बोल्ट शोधावा लागेल.

तुझा,
धाकटा


दि. १२ फेब्रुवारी

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

हो, भागूबाईच. अडुसष्ट वर्षांचा घोडा झालास, तरी पहिलं वाक्य माफीचं आणि बाकीचं पोटाचं. तू सहा वर्षांचा असताना मी तुला पाठुंगळी घेऊन शाळेत नेत होते, कारण वाटेत एक बदक होतं. बदक, कुत्रा नाही. तेव्हापासून तू वजनाने वाढलास, बाकी काही नाही. आणि मला दोन इंची बोल्ट! बाबा असते तर तुला तोच बोल्ट फेकून मारला असता.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. कडी आहे, पूर्वी पंखा होता तिथे. वाहनं दोन्ही बाजूंनी येतात, तू मधेच उभा राहशील म्हणून सांगते की राहू नकोस. पलीकडच्या भिंतीला मी राहते आणि मला शीळ येत नाही. कुत्रा आहे. तू त्याला घाबरशील की तो तुला, याबद्दल गल्लीत मतभेद आहेत. पाणी सगळे पितात आणि जिवंत आहेत.

अक्षराचं म्हणशील तर नवीन पेन जाड आहे. तुझं अक्षर मात्र मुंग्यांच्या रांगेसारखं. त्यामुळे तुझं पत्र बाजूच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी वाचून दाखवलं. माझे हात पिठाचे होते म्हणून. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. वायू वर चढतो तिथे एकाने ओवा सुचवला.

माझं ठीक आहे. विणकाम सोडून दिलंय, किती स्वेटर विणायचे माणसाने? पेपरही बंद केला, रोज तेच ते. परवा चहात मीठ पडलं, दोन्ही डबे सारखेच आहेत मेले. कपाटाच्या उघड्या दाराने कपाळावर टेंगूळ आणलंय, ते दार नेहमीच आगाऊ होतं. तू आलास की त्याला बिजागरी बसव.

ये म्हणते तर ये. फार तोलत बसू नकोस. घरमालक चांगला आहे, पण खोलीला दुसरं गिऱ्हाईक कधीही लागेल.

माया आहेच, ती काही टपालाने पाठवावी लागत नाही.

तुझी,
अक्का


दि. २५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण चार दिवस मी तुझ्यावर रुसलो होतो आणि ते तुला कळवायचं राहून गेलं. माझ्या पोटाची गोष्ट चार अनोळखी माणसांसमोर वाचलीस! आता त्या शहरात मी कोणत्या तोंडाने यायचं? (ओवा घेऊन पाहिला. थोडा गुण आहे.)

तुझ्या पत्राचं पाकीट पोस्टमनने तीन घरी दाखवलं मग माझ्याकडे आणलं. पत्त्यातला शेवटचा शब्द पाकिटावर मावलाच नव्हता, कडेवरून खाली पडला असावा. आतही तिसरी ओळ दुसरीच्या डोक्यावर चढलीय. बदकाचं वाक्य मी आधी कपाटाच्या दाराला जोडून वाचलं, तेव्हा कपाटात बदक कसं, या काळजीत अर्धा दिवस गेला. जरा लक्ष देऊन लिहीत जा. आपल्या दोघांत शिकलेली तू आहेस, चौथीत शाळा सुटली ती माझी.

आता मुद्द्याचं. मी पाच आठवडे प्रामाणिकपणे तोललं. तू रागावलीस म्हणून तुझ्या बोल्टशेजारी दुसरा बोल्ट टाकला, मला पाठीवर नेल्याबद्दल तिसरा टाकला. समोरची शिंपीण येता-जाता डोकावते. मी गेलो तर तिला माझ्या दुकानात दुसरं मशीन टाकायचंय, म्हणून तिने माझी पाठ वळल्यावर उजव्या पारड्यात एक किलोचं वजन ठेवलं. ते मी काढलं. म्हटलं, बाई, हे काय मतदान आहे? तिने उत्तर दिलं की असतं तर अख्ख्या इमारतीने उजवीकडेच टाकलं असतं. अशी माणसं आहेत इथे, तरी सवयीची आहेत म्हणून त्यांच्यासाठी डावीकडे एक वायसर टाकला.

एवढं सगळं करूनही अक्का, डावं पारडं काही उठेना. उजवीकडे मूठभर टाकलं की जरा हलल्यासारखं करतं आणि पुन्हा खाली बसतं, एखाद्या आडमुठ्या पाहुण्यासारखं. काल मी हात जोडून त्याच्यासमोर उभा होतो. खरं सांगतो, ते उठावं असं मला वाटत होतं. पण जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की काटा कुणाचा नातेवाईक नसतो, आता माझ्या वेळेला मी बोट कसं लावू?

तेव्हा मी येत नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. हा माझा निर्णय नाही, काट्याचा आहे, म्हणून माझ्यावर चिडू नकोस.

तुझ्या मायेचं वजन तराजूत आलं नाही, ही तराजूची चूक समज, माझी नको.

तुझा,
धाकटा


दि. ८ मार्च

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

बोट कापलंय, म्हणून हे पत्र मी सांगतेय आणि औषधवाल्या बाई लिहीत आहेत. त्यांचं अक्षर छान आहे, तेव्हा या वेळी बदकं आपापल्या जागी असतील.

तुझा निवाडा कळला. चिडले नाही. तू न येण्याचं कारण पूर्वी बदक असायचं, आता निदान पितळी तराजू आहे, ही प्रगतीच म्हणायची. घरमालकाला अजून सांगितलेलं नाही, तो भेटला की सांगेन. तू तिथेच सुखात राहा, ओवा घे, सातवी पायरी सांभाळ. कपाटाच्या दाराचं मी बघेन, दोरीने बांधून टाकते.

एकच सांगते. तिथे कुणाला तरी दुकानाची दुसरी किल्ली देऊन ठेव. एकटा असतोस.

माया कमी होत नाही, उगाच काट्याला विचारत बसू नकोस.

तुझी,
अक्का

ता. क. हे मी, औषधवाली, माझ्या मनाने लिहिते आहे. अक्कांनी सांगितलेलं सगळं वर लिहिलं, न सांगितलेलं इथे लिहिते. त्यांचं बोट कापलेलं नाही. त्यांना दिसत नाही. उजव्या डोळ्याचं डॉक्टरांनी सोडून दिलं आहे. डाव्याची शस्त्रक्रिया एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करायला ते तयार आहेत, पण त्यानंतर महिनाभर दिवसातून सहा वेळा थेंब घालायला घरात माणूस पाहिजे, नाहीतर करणार नाही म्हणतात. मला दुकान सोडून सहा वेळा जमणार नाही. तुम्हाला कळवा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. त्या म्हणाल्या, कळवलं तर तो नक्की येईल, पण मग जन्मभर आपण अडकलो म्हणून घाबरत बसेल. आपणहून आला तर येऊ दे. तुमचं 'येत नाही' वाचलं तेव्हा त्या हसल्या आणि मग बराच वेळ मिठाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवत बसल्या. ती चिठ्ठी त्यांना वाचता येत नाही. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.


दि. ११ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी उशिराची माफी नाही. तुझं पत्र दहा वाजता आलं आणि आता साडेअकरा झालेत.

एक मोठी फजिती झालीय, ती ऐक. आज दोन्ही पारड्यांतले स्क्रू, नट, तुझे तिन्ही बोल्ट, सगळं काढून डब्यात भरलं. म्हटलं, पुरे झालं तोलणं. वर बघतो तर पारडी रिकामी आणि डावं तरीही खालीच! दांडी चाचपली तर कडीला माझ्याच हातची चिठ्ठी, नोव्हेंबरची: 'डावीकडे झुकतो. बघणे.' किराणावाल्याने त्यासाठीच तो आणून टाकला होता आणि मी तो न बघता त्याच्यावर आयुष्य तोललं. डाव्या पारड्याच्या बुडाला साबणाचा गोळा चिकटून दगड झाला होता. बाबांचा पहिला धडा काय होता? आधी रिकामी पारडी बघ. एक्केचाळीस वर्षं मी तो दुसऱ्यांना सांगितला. शिंपीण इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या.

म्हणजे निवाडाच खोटा ठरला. म्हणून मी येतो. गोळा खरवडून पुन्हा तोलायला पाहिजे होतं, पण तराजू किराणावाल्याकडे पोचवून आलो. दुकानाची दुसरी किल्ली दे म्हणालीस, ती शिंपिणीला दिली, आणि पहिलीही तिलाच दिली. आता मागे फिरायचं म्हटलं तरी दार उघडणार नाही.

(औषधवाल्या बाई, इथून मनात वाचा. का थांबलात असं अक्का विचारेल, तेव्हा अक्षर लागत नाही म्हणून सांगा, तिला लगेच पटेल. तुमचे उपकार मी विसरणार नाही. बाई, आधी मी तुमचा ता. क. वाचला, मग पारडी रिकामी केली. हा क्रम तिला सांगू नका. मोठं अक्षर, चहातलं मीठ, कपाळावरचं टेंगूळ, सगळं तिने लिहिलं होतं आणि मी तिला लक्ष देऊन लिही म्हणून सांगत होतो. एवढा मोठा काटा समोर हलत होता, पण मी माझंच पोट बघत बसलो. डॉक्टरांना सांगा की माणूस येतोय. थेंब कसे घालायचे ते मला शिकवा. मी घाबरट आहे, पण हात घाबरट नाहीत; सोनाराच्या काट्यात मी गव्हाच्या दाण्याएवढं वजन दांडी न हलवता ठेवतो. दिवसातून सहा वेळा, घड्याळ लावून घालीन. आता पुन्हा मोठ्याने.)

तर अक्का, खरं कारण तुझ्यापासून काय लपवायचं. मला इथे एकट्याला भीती वाटते. तू मला सांभाळून घेशील ना? माझी फार कटकट होईल, दिवसातून पाच-सहा वेळा तरी तुझ्या डोक्याशी येऊन उभा राहीन. सहन कर. कपाटाच्या दाराची बिजागरी बरोबर आणतोय. दोन डबेही आणतोय, एक गोल आणि एक चौकोनी. मीठ गोल डब्यात. इथे ते मला जास्तीचे झालेत.

मी वीस तारखेला सकाळच्या गाडीने पोचतो. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. गर्दीत दोन म्हातारे चुकले तर शोधायचं कुणी? मी विचारत विचारत येईन. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघेन, मधे थांबणार नाही. तू दारात खुर्ची टाकून बस आणि मोठ्याने बोलत राहा, म्हणजे मला घर सापडेल.

माया जपून ठेव, यायच्या आत संपवू नकोस.

तुझा,
भागूबाई

ता. क. फक्त तो कुत्रा सकाळी बांधलेला असतो की मोकळा, एवढं उलट टपाली कळव. मोकळा असला तरी येतो, पण आधी कळलेलं बरं. लवकर कळव.