बारीक करकर

पुणे, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास रचनाचा नमस्कार.

फोन तू दोन वाक्यांत आटपतेस, म्हणून पत्र.

दिवाळीत मी बसवून दिलेला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप तू वापरतेस हे कळतं, कारण त्यातली रेकॉर्डिंग इथे येतात. आवाज स्वच्छ आहेत. तपासताना पंखा बंद ठेवलास तर आणखी स्वच्छ येतील. रेकॉर्डिंग करण्याआधी तुझ्या मदतीला असलेल्या फ्लॉसीने प्रत्येक पेशंटला विचारायचं. तो नको म्हणाला तर करायचं नाही. एक शंका आहे. यंत्र लावल्यावर ऐकतेस त्यातूनच, की तुझ्या जुन्या स्टेथोस्कोपमधून?

आमच्या कंपनीत मोठी हॉस्पिटलं सगळ्यांना हवी असतात. वसई-पालघरचे छोटे दवाखाने माझ्याकडे आले, कारण दुसऱ्या कुणी मागितले नाहीत. तक्रार नाही. पण वटारचा दवाखाना माझा पहिला आणि तिथली डॉक्टर माझी आत्या, म्हणून जरा जास्त काळजी वाटते. हे बाबांना सांगू नकोस, चिडवतील.

उत्तर सवडीने दे, पण दे.

तुझी,
रचना


वटार, १९ नोव्हेंबर

चि. रचनास आशीर्वाद, आणि तुझ्या यंत्रालाही.

तुझं पत्र म्हणजे औषधाच्या खोक्यातली घडी केलेली माहिती. प्रेम असतं, पण फार बारीक टायपात. यंत्र लावते, तुझ्या समाधानासाठी. ऐकते मात्र माझ्या जुन्या स्टेथोस्कोपनेच. तुझ्या यंत्रातून सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं येतं.

बाकी गाव ठीक. हल्ली माणसं दवाखान्यातही केळीच्या बागेत असल्यासारखी ओरडून बोलतात. श्रीपतकाकांना परवा विचारलं की औषधाला आलात की भांडायला, तर ते फ्लॉसीकडे बघून नुसते हसले.

आता लिहिण्याचं खरं कारण. राजोडीच्या एका रिसॉर्टवर काम करणारा कल्पेश काल मिठाईचा पुडा घेऊन आला. नवीन माणसं आहेत, पावसाळ्यानंतर भाड्याने राहायला आली. त्याची बायको पिंकी गेल्या सोमवारी आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. मी छाती तपासली, मोकळी वाटली, सर्दीचं औषध दिलं. कल्पेश म्हणाला, तुम्ही त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात पाठवलंत म्हणून पोर वाचली, न्यूमोनिया निघाला.

रचना, मी कुणालाही पाठवलं नाही.

फ्लॉसीला विचारलं, तर ती सकाळपासून औषधांचं कपाट पुसते आहे. तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती बोलतच नाही. तुला काही माहीत असेल तर कळव.

तुझी,
विनिता आत्या


पुणे, २३ नोव्हेंबर

ती. आत्यास नमस्कार.

माहीत आहे. क्रमाने लिहिते.

त्या मुलीचं रेकॉर्डिंग तपासताना आलेखावर श्वासासोबत बारीक करकर दिसली. मी डॉक्टर नाही, म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांना ऐकवलं. त्यांनी मुलीला ताबडतोब हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू म्हणालीस की फराळाचा डबा पोचला, आणि फोन ठेवून दिलास. मी फराळाबद्दल बोलत नव्हते.

मग फ्लॉसीला केला. तिने पिंकीला रिक्षात बसवलं आणि डॉक्टरांनीच पाठवलंय असं सांगितलं. तसं सांग असं मी म्हटलं नव्हतं. पण नंतर ते मला कळलं, आणि मी तुला कळवलं नाही.

आत्या, तुला वरच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत नाहीत. हृदयाचे ठोके खालच्या पट्टीतले, ते येतात, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसावं. माणसं ओरडत नाहीत. ती तुझ्यासाठी मोठ्याने बोलतात. फ्लॉसी पेशंटच्या मागे उभी राहून त्याचं बोलणं पुन्हा सांगते, हे मी दिवाळीत पाहिलं. पिंकी नवी आहे, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि छातीतल्या आवाजाला कुणी मोठ्याने बोल म्हणू शकत नाही.

लोभ आहे, तो हे पत्र वाचूनही राहावा.

रचना


वटार, २७ नोव्हेंबर

चि. रचना,

पत्र मिळालं. तुझं यंत्र कुरिअरने परत पाठवते आहे. दवाखाना बंद ठेवला आहे.

माझ्या पेशंटच्या छातीला तू पुण्यातून कान लावलास, ते चांगलंच केलंस. ती मुलगी जिवंत आहे, त्यापुढे माझा मान काही नाही. पण त्यानंतर तू, फ्लॉसी आणि अख्ख्या गावाने मिळून ठरवलंत की बाईंना कळू द्यायचं नाही. मी त्या कल्पेशच्या हातून पेढे घेतले, रचना. एक खाल्लासुद्धा. माझ्या हातून जी मुलगी जाणार होती, तिला वाचवल्याबद्दल.

काळजी करू नये.

विनिता


पुणे, ३ डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

यंत्र आलेलं नाही. तू ते पाठवलं नाहीस असं धरून लिहिते.

तुझा राग बरोबर आहे. फोनवर जमलं नाही तेव्हा मी दुसऱ्या दिवशी वटारला येऊन समोर बसून सांगायला हवं होतं. मी आले नाही, कारण तुझा चेहरा बघावा लागला असता.

तुझी बाकीची रेकॉर्डिंगही मी आमच्या डॉक्टरांना ऐकवली. आणखी कुणाच्या तपासणीत तसं काही राहिलेलं त्यांना आढळलं नाही. हे बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं असतं तर आधीच्याच पत्रात लिहिलं असतं. तेव्हा ती सगळी ऐकून झाली नव्हती.

कानांची तपासणी होते, यंत्रंही मिळतात. ते तुला माहीत आहे. तुझा दवाखाना कायमचा बंद झाला तर पिंकीने आजारी मुलीला घेऊन आधी कुणाकडे जायचं, ते मात्र मला माहीत नाही.

रागासकट लोभ चालेल.

रचना


वटार, १६ डिसेंबर

चि. रचनास आशीर्वाद. मागच्या पत्रात राहिले होते, तेही यातच घे.

यंत्र पाठवलं नव्हतं. खोकं बांधलं होतं, फ्लॉसीने सोडलं.

मी पिंकीच्या खोलीवर गेले. तिला सांगितलं की तुझ्या मुलीच्या छातीतला आवाज मला ऐकू आला नव्हता, आणि हॉस्पिटलात पाठवणारी मी नव्हे. मुलीला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांब. आई आहे ती. मग तिने विचारलं की कान दाखवलेत का. दाखवले, म्हटलं. दोन्ही अधू आहेत, कानाची यंत्रं पुढच्या आठवड्यात येतील. ती चहा ठेवायला उठली.

दवाखाना उघडला. दारावर लिहिलं आहे की डॉक्टरांना कमी ऐकू येतं, स्पष्ट बोलावं, आणि काही दिवस लहान मुलांना तपासलं जाणार नाही. फ्लॉसीने लिहायला नकार दिला, म्हणून मीच लिहिलं. श्रीपतकाकांनी ते वाचून आत येऊन विचारलं की सत्तरीच्या पुढचे लहान मुलांत धरता की मोठ्यांत.

काल पिंकी मुलीला घेऊन आली. पाटी दाखवली, तर म्हणाली, वाचली आहे, तरी बघा. तुझं यंत्र कानात घातलं, आवाज पूर्ण वाढवला. पत्र्यावर खडे पडल्यासारखंच येतं अजून. पण त्यामागे श्वास ऐकला. मला तो मोकळा वाटला.

मागच्या वेळीही वाटला होता. म्हणून पिंकीला विचारून रेकॉर्डिंग पाठवलं आहे आणि डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत काही सांगणार नाही असं तिला सांगितलं आहे. ते काय म्हणतात ते फ्लॉसीला नाही, मला कळव. फोन कर. ऐकू आलं नाही तर पुन्हा सांग. मी फराळाचं बोलू लागले तर ओरड.

तुझी,
विनिता आत्या