नजुलाच्या जमिनीची बोहनी

जबलपूर, बुधवार, ६ जानेवारी १९४३, संध्याकाळ

बाबांना काय म्हणावं! लढाई सुरू झाली आणि सरकारने त्यांना लाकडाच्या वखारीतून उचलून नजूल अधिकारी केलं, सरकारी जमिनी त्यांच्या हाती दिल्या. पण डोक्यातली वखार काही गेली नाही. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा बोहनीचा नियम आता जमिनींनाही! ठेकेदारांना हे पक्कं कळलंय. उजाडायच्या आत फाटकाशी हजर.

उद्या एक जण महाराजपूरचं चराईचं मैदान मागायला येणार आहे. आमची दूधवाली सुखिया आज रडतच होती, "दीदी, हमाई गैयां कहां चरहैं?"

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "काहून डोकं खाऊन राहिली? माल पडून राहिला की सडतो."

"बाबा, तो आपला माल नाही."

"मग तुझा आहे का?" आणि हसले! दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे मला घरी पाटीवर गिरवायला लावलं ते यांनीच.

खरं म्हणजे रोज सगळ्यांआधी सुखियाच येते. पण मागच्या दाराने, म्हणून बाबा तिला बोहनीत धरत नाहीत.

तिला सांगून ठेवलंय, उद्या दूध पुढच्या दाराने आण, आणि बाबांकडे गाईंसाठी मैदान माग. हे कपट झालं का? झालं असेल. पण उद्या फाटकाची कडी मी काढणार, आणि ती सुखियासाठीच.