परसातलं शिसं आणि माझी फौज

४ फेब्रुवारी
संताप. जावईबापूंनी परसातली माती मला न विचारता तपासून आणली. शिसं मर्यादेच्या आठपट, म्हणे! तीस वर्षं मी त्याच परसात बॅटऱ्या दुरुस्त केल्या. जुन्या फोडल्या, ॲसिड कोपऱ्यात ओतलं, शिसं वितळवलं. मला काय झालं? काही नाही. हात थरथरतो, तो रागाने.

लेकीचा फोन. माती उचलून नेईपर्यंत छोटीला आजोबांकडे पाठवणार नाही. चार वर्षांची पोर, दिसेल ते तोंडात घालते. मी म्हटलं, तूही याच मातीत खेळलीस. तिने फोन ठेवला.

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
माझ्या परसात ट्रक आणणार! बघतोच कसा आणतात.

काल मोबाईलवर वाचलं. जिवाणू वापरून शिशाची जमीन साफ करता येते. म्हणजे ते शिसं खातात. पुढे बरंच बारीक अक्षरात होतं, पण चष्मा हिने कुठेतरी ठेवलाय.

संकल्प: सहा आठवड्यांत परस स्वच्छ. फावड्याचा एक घावही न घालता.

७ फेब्रुवारी
माती तपासणाऱ्या लॅबवाल्या बाईंना फोन करून जिवाणू मागितले. त्यांनी शंभर प्रश्न विचारले. म्हणाल्या, काका, जिवाणू शिसं संपवत नाहीत, फार तर जागच्या जागी बांधून ठेवतात. भलत्याच जातीचे वाढले तर उलटंही होतं. स्वतः काही करू नका.

लॅबमध्ये बसून परसातलं काय कळणार? माझ्याच मातीतले जिवाणू मी वाढवणार. तीस वर्षं शिशात राहून जगलेत, लेचेपेचे नसणार. माझ्यावर गेलेत.

१० फेब्रुवारी
निळं पिंप. चार फावडी माती, पाणी, साखर. (फावडं वापरलं, पण ते धरायचं नाही.) हिने विचारलं, डब्यातली साखर कुठे गेली. म्हटलं, फौजेला. ही उठून आत गेली.

१४ फेब्रुवारी
फेस! वासही आला. ही म्हणते, कपाटामागे उंदीर मेल्यासारखा. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. जळतात.

ही हातमोजे घाला म्हणून मागे लागलीय. रबर लागून जिवाणू दगावले तर कोण जबाबदार? कोपरापर्यंत हात घालूनच ढवळतो.

२ मार्च
तिसरं पिंप ओतलं. मातीला आंबट वास. म्हणजे पचन चालू आहे. माझं मात्र बंद. पोटात कळा येतात. हिला स्पष्ट सांगितलं, तुझ्या स्वयंपाकाला हल्ली चव राहिली नाही. ती म्हणाली, साखरही राहिली नाही.

९ मार्च
कोपऱ्यातलं गवत जळालं. फौजेला जागा हवी असणार.

१७ मार्च
मीच लॅबवाल्या बाईंना बोलावलं. नाकावर टिच्चून. त्यांनी लांब गिरमिटाने ठिकठिकाणची माती काढली. पिंपाकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. कौतुक लपवत असाव्यात.

२४ मार्च
रिपोर्ट. जावईबापू समोर. वरच्या थरात शिसं निम्म्याहून कमी! मी टाळी वाजवली.

मग बाईंनी पान उलटलं. म्हणाल्या, साखरेवर माती आंबवणारे जिवाणू माजले. त्या आंबटात शिसं विरघळून खाली उतरलं. आधी वीतभर खणून भागलं असतं, आता हातभर खणावं लागेल.

मी ओरडलो. गिरमिट खोटं, लॅब खोटी, सगळ्यांचं आधीच ठरलेलं! जावईबापू एका शब्दाने बोलले नाहीत. हाच त्यांचा उद्धटपणा. रिपोर्ट फाडायला हातात घेतला. मनगट वर उचलेना. कागद गळून पडला. जावईबापूंनीच गाडी काढली.

२७ मार्च
रक्तात शिसं. खूप. डॉक्टर म्हणाले, हे वर्षानुवर्षांचं आहे, त्यात दीड महिन्याची भर घातलीत. हिच्याही रक्तात निघालं, थोडं. हिने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडलो तरी असतो.

लेक आली होती. तिने डॉक्टरांना विचारलं, लहानपणी माझं अभ्यासात लक्षच लागायचं नाही, पाढे पाठ राहायचे नाहीत, ते यामुळे असेल का? डॉक्टर म्हणाले, असू शकतं, आता खात्रीने सांगता येणार नाही.

पाढे चुकले की मी तिला मठ्ठ म्हणायचो. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

प्रचंड राग आलाय. कोणाचा ते लिहायला बसलो होतो. अर्धा तास झाला.

२ एप्रिल
ट्रक आला. सही मी केली, डाव्या हाताने. काम होईपर्यंत आम्ही दोघं लेकीकडे.

छोटीने दारातच अडवलं. आईने सांगितलंय, आजोबा, आधी हात धुवायचे. धुतले. तिने तळवे उलटेपालटे करून बघितले, वास घेतला आणि म्हणाली, परत.

परत धुतले.