कडू घास

बार्लेत्ता, ९ नोव्हेंबर

प्रिय रुज्जेरो,

खुशाल असशीलच. पोर्त्सियावहिनीचा गुडघा कसा आहे? ऑलिव्ह यंदा बरे उतरले, तुझ्या वाट्याचं तेल काढून ठेवलं होतं. रस्त्यात बहीण दिसली की तू पलीकडच्या बाजूला जातोस, म्हणून लिहायची वेळ आली.

दावा मी जिंकले. माझं मन कामावरच्या छळानेच आजारी पडलं, हे कोर्टाने मान्य केलं. सोल चिकटवतात त्या खोलीतला पंखा बंद आहे, एवढंच मी सरकारी तपासनीसाला सांगितलं होतं. तेवढ्यावरून साहेबाने मला शिलाईच्या मशीनवरून उठवून जिन्याखालच्या खोलीत बसवलं. एक टेबल, एक खुर्ची, काम काही नाही. माझ्याशी बोलेल त्याची खैर नाही. वर्षभर भिंत बघत बसले. पुढे पुढे सकाळचा भोंगा ऐकला की ओकारी यायची. तू तिथलाच मुकादम. दारावरून तुझे बूट तेवढे वाजत जायचे.

कंपनीचा डॉक्टर मिलानचा, दीडशहाणा. त्याने कोर्टात ऐटीत सांगितलं, "ही बाई मुळातच मनाने दुबळी. आई वारली तेव्हा आठवडाभर हिने चूल पेटवली नाही."

कोर्टाने नेमलेल्या डॉक्टरीणबाई आपल्या शेजारच्या आंद्रिया गावच्या. त्या म्हणाल्या, "अहो, मयताच्या घरात आमच्याकडे कोणीच चूल पेटवत नाही. शेजारीपाजारी कडू घास आणतात. मग माझ्या अख्ख्या खानदानाला वेड्यात काढा की!"

न्यायाधीशसुद्धा हसले. मी नाही हसले. त्या आठवड्यात घरात आपण दोघंच होतो, रुज्जेरो.

मिलानवाल्याला रीत ठाऊक नव्हती, तो मूर्ख म्हणून सुटला. तुला ठाऊक होती. शेजारणींनी आणलेल्या रश्श्याचे वाडग्यांवर वाडगे तूच ओरपलेस. आईच्या नावाचा तो घास तू माझ्यावर उलटवलास, आणि कशासाठी, तर मुकादमकी टिकवण्यासाठी! साहेबाचे बूट चाटायचेच होते, तर निदान नवे कोरे तरी निवडायचेस. कारखाना बुटांचाच आहे.

तेलाबरोबर एक पातेलं पाठवते आहे. कोंबडीचा रस्सा आहे, शेजारणी आणायच्या तसाच. चांगला गरम आहे. आठवडाभर चूल पेटवू नकोस, तुझी बहीण वारली आहे.

पातेलं परत द्यायला येऊ नकोस.

आईची मुलगी,
सावेरिया