गळ्यापर्यंतचं गाणं

२३ एप्रिल
माफ कर, वही. नाताळापासून तुला हात लावला नाही. आज लावला तो रागाने!

मे लागायच्या आदल्या संध्याकाळी गावात जी गाणी होतात, त्यांच्यासाठी बारमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. एका टोपीत बिनबायकोचे पुरुष, दुसरीत बिननवऱ्याच्या बायका. जिची चिठ्ठी येईल तिच्या खिडकीखाली त्याने तिचं वर्णन गायचं, केसांपासून बुटांपर्यंत. मे संपायच्या आत तिने ती खिडकी उघडली तर होकार. माझं नाव टाकलं कुणी? आईने! सेहेचाळीस वर्षांची साहित्याची शिक्षिका मी, आणि वाट्याला आला रोसेन्दो. गुरांचा डॉक्टर, विधुर.

"यंदा तरी उघड गं बाई," आई म्हणाली. "खिडकीच आहे, तिजोरी नव्हे."

२५ एप्रिल
दरवर्षी सगळे गातात त्या ठरलेल्या गाण्याची वर्गात चिरफाड केली. कपाळ संगमरवरी, दात मोत्यांचे, ओठ पोवळ्याचे. बाई आहे की खाण? छातीपाशी आवाज हळू होतो, कमरेशी घाई, आणि मग थेट बुटांवर उडी! अंगाची एवढी ओढ, पण त्या अंगाकडे कुणी एकदा नीट पाहिलेलं नाही. आधी चर्चच्या दारात कुमारी मरियेसाठी, मग गल्लोगल्ली, कडवी तीच. कोणतीही बाई चालते.

मुलं हसली. मी जरा जास्तच बोलले. चीड गाण्याची, की कुणी खरंच पाहील याची भीती?

२८ एप्रिल
मांजराचा पाय दाखवायला रोसेन्दोकडे गेले. स्पष्टच सांगितलं, "मोती-बिती गायलास तर वरून बादली ओतीन."

"गरम की गार?" मान वर न करता पट्टी बांधत होता. निर्लज्ज!

३० एप्रिल
दिवेलागणीला आले सगळे. मी बंद खिडकीमागे. आई कोपराने ढोसतेय. गिटारी, आणि त्याचा तो फाटका आवाज—

केस पांढरे होत आलेले, पेन खोचून बांधलेले. कपाळावर आठी, दुसऱ्याची चूक सापडली की हमखास. पुढचा दात वाकडा, म्हणून हसताना तोंडावर हात. डाव्या कानामागे तीळ, मांजरावर वाकली की दिसतो.

तीळ! मला नाही माहीत असला कुठला तीळ.

गळ्यापर्यंत आला आणि थांबला. गिटारी वाजतच राहिल्या.

"अरे, पुढे गा की!" कुणीतरी ओरडलं.

"पुढचं मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं गात नाही."

गल्लीत हशा पिकला. आईसुद्धा! मी खिडकी उघडली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२ मे
पावाच्या दुकानात: "काय मास्तरीणबाई, उरलेलं गाणं कधी?" चावट गाव! गाणं अर्धवट टाकणं हा शुद्ध उद्धटपणा. काय ते एका दमात संपवावं माणसाने.

दोन आरसे धरून पाहिलं. तीळ आहे.

३ मे
तीस तारखेला खोटं लिहिलं. तत्त्व कसलं! कडी काढली होती मी. पण बिजागऱ्या गंजलेल्या. ढकलली असती तर करकर चर्चपर्यंत गेली असती.

उद्या: बिजागऱ्यांना तेल.